उपकरावर शेतकऱ्यांचे मतदान : एका सक्तीच्या सेवेचे परीक्षण

सेवा सक्तीची असेल, तिचे पैसे माल विकला जाताच कापून घेतले जात असतील आणि ती पसंत पडली नाही म्हणून दुसऱ्या दुकानात जाण्याची सोय नसेल, तर पैसे देणाऱ्याच्या हाती मत देण्याखेरीज दुसरे साधन उरत नाही. अनेक देशांत कृषी उत्पादनांवर जो उद्योग-उपकर आकारला जातो, तो याच प्रकारचा आहे. लोकर, दूध, मांस, बटाटा किंवा सोयाबीन यांच्या विक्रीतून ठरलेला हिस्सा वळता करून त्या पैशांतून त्या पिकाचे किंवा पशुधनाचे संशोधन, रोगनियंत्रण, बाजारपेठेचा विस्तार आणि जाहिरात केली जाते. या कामांचा लाभ उद्योगातील प्रत्येकाला होतो, पैसे न देणाऱ्यालाही होतो, आणि म्हणूनच ऐच्छिक वर्गणीवर ती कामे फार काळ तग धरत नाहीत. कायद्याची सक्ती येते ती इथून. सक्ती आली की संमतीचा प्रश्नही येतो, आणि त्याचे उत्तर म्हणून शेतकऱ्यांचे मतदान घेतले जाते.

उपकरातून झालेले संशोधन किती उपयोगी ठरले, हा वेगळा विषय आहे आणि तो पिकागणिक बदलतो. येथे परीक्षण आहे ते केवळ मतदानाच्या व्यवस्थेचे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका या चार देशांत ती कशी चालते, शेतकऱ्याला विचारला जाणारा प्रश्न कसा असतो, मते कशी मोजली जातात, मतदान घडवून आणण्याचा भार कोणावर असतो आणि निकाल पाळला जातो का, या कसोट्यांवर मी ती तपासली आहे. माझे मत आरंभीच नोंदवतो. उत्तम मतपत्रिका ऑस्ट्रेलियातील लोकर उत्पादकांच्या हाती पडते, उत्तम मतमोजणी न्यूझीलंडमध्ये होते, ब्रिटनमध्ये निकालाचा मान राखला गेला पण प्रश्न चुकीच्या पद्धतीने विचारला गेला, आणि अमेरिकेतील व्यवस्था मोठ्या उद्योगांच्या बाबतीत तरी पैसे देणाऱ्याच्या बाजूने उभी नाही.

ऑस्ट्रेलियातील लोकर उत्पादकांच्या मतदानाला वूलपोल म्हणतात. २००० साली झालेल्या पहिल्या मतदानानंतर २००३, २००६, २००९, २०१२, २०१५, २०१८, २०२१ आणि २०२४ अशी ती सलग होत आली आहेत. ‘ऑस्ट्रेलियन वूल इनोव्हेशन’ या संस्थेला लोकरीच्या विक्रीमूल्याचा किती टक्के हिस्सा द्यावा, हे उत्पादक ठरवतात. मतपत्रिकेवर ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन नसतात. तिच्यावर उपकराचे वेगवेगळे दर असतात आणि मतदाराने त्यांना आपल्या पसंतीचे क्रमांक द्यायचे असतात. २०१८ साली शून्य, १, १.५, २ आणि २.५ टक्के असे पाच पर्याय होते. शून्याचा पर्याय मतपत्रिकेवर असावाच लागतो, म्हणजे ज्याला ही सक्तीच नको आहे त्याच्यासाठीही तिच्यावर जागा असते. सर्वांत कमी मते मिळालेला पर्याय बाद करून त्याची मते पुढच्या पसंतीकडे वळवायची, आणि एका पर्यायाला निम्म्याहून अधिक मते मिळेपर्यंत हे चालू ठेवायचे, अशी मोजणीची रीत आहे.

या एका रचनेमुळे मतदानाचा अर्थच बदलतो. ‘होय किंवा नाही’ या प्रश्नात असमाधानी पण समंजस शेतकऱ्याची कोंडी होते. त्याला संशोधन हवे असते, पण संस्थेचा खर्च जास्त वाटतो. रोगनियंत्रण हवे असते, पण परदेशातल्या जाहिरात मोहिमा नको असतात. अशा माणसाने ‘होय’ म्हटले तर त्याची तक्रार नोंदली जात नाही, आणि ‘नाही’ म्हटले तर त्याला हवे असलेले कामही बुडते. वूलपोलमध्ये तो १.५ टक्क्याला पहिली पसंती देऊ शकतो, १ टक्क्याला दुसरी देऊ शकतो आणि शून्याला शेवटी ठेवू शकतो. त्याचे म्हणणे किती तीव्र आहे, हेही त्यामुळे मोजले जाते.

२०१८ च्या मतदानात ही रचना प्रत्यक्ष कसोटीला उतरली. उपकर त्या वेळी २ टक्के होता आणि तो तसाच राहावा अशी संस्थेच्या संचालक मंडळाची शिफारस होती. त्याच वर्षी संस्थेच्या कामगिरीचे आणि कारभाराचे स्वतंत्र परीक्षण प्रसिद्ध झाले होते आणि त्यात सुधारणेच्या ८२ शिफारशी केलेल्या होत्या. उत्पादकांनी मंडळाची शिफारस नाकारली आणि दर १.५ टक्क्यांवर आणला. दरातली ही घट एक चतुर्थांश आहे. त्यात लोकरीचे भाव पडल्याची भर पडल्यावर संस्थेला आपल्या खर्चाला मोठी कात्री लावावी लागली. संस्था बंद पडली नाही, संशोधन थांबले नाही, पण पैसे देणाऱ्यांची नाराजी तिच्या जमाखर्चात स्पष्टपणे उतरली. २०२१ आणि २०२४ मध्येही उत्पादकांनी १.५ टक्केच कायम ठेवला. सेवेचा दर्जा आणि तिची किंमत यांचा संबंध ग्राहकाने स्वतः जोडून दाखवावा, अशी संधी सक्तीच्या व्यवस्थेत फार क्वचित मिळते, आणि ती येथे ठरावीक काळाने मिळते, ही या व्यवस्थेची मोठी जमेची बाजू आहे.

मतदारांना पाठवली जाणारी माहितीपुस्तिकाही चांगली असते. प्रत्येक दराला संस्थेचे उत्पन्न साधारण किती राहील, त्यात कोणती कामे चालतील आणि कोणती थांबवावी लागतील, याचा हिशेब तिच्यात मांडलेला असतो. हा हिशेब नसेल तर १.५ आणि २ हे केवळ आकडे राहतात. आणखी एक गोष्ट शेतकऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ग्रामीण संशोधन संस्थांच्या संशोधनावरील खर्चाला ऑस्ट्रेलियाचे केंद्र सरकार ठरावीक मर्यादेपर्यंत बरोबरीची रक्कम देते, आणि ती मर्यादा सर्वसाधारणपणे उद्योगाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या ०.५ टक्के असते. जाहिरातीवरच्या खर्चाला ही जोड मिळत नाही. त्यामुळे दर कमी करताना कोणत्या कामाचा पैसा कमी होतो, यावर सरकारी जोड किती मिळेल हे अवलंबून राहते. हा मुद्दा मतदाराने आवर्जून वाचावा असा आहे.

वूलपोलची उणी बाजू मतमोजणीत आहे. येथे प्रत्येक उत्पादकाला एकच मत नसते. आधीच्या तीन आर्थिक वर्षांत भरलेल्या प्रत्येक १०० डॉलर उपकरामागे एक मत मिळते आणि १०० डॉलरपेक्षा कमी भरणाऱ्याला मत नसते. दीड टक्के दराने हिशेब केला, तर तीन वर्षांत मिळून सुमारे ६,६६७ डॉलरची लोकर विकणारा मतदार ठरतो. ही अट जाचक नाही. पण पुढचे प्रमाण पाहावे. दरवर्षी ५०,००० डॉलरची लोकर विकणाऱ्याचा तीन वर्षांचा उपकर २,२५० डॉलर होतो, म्हणून त्याची २२ मते. दरवर्षी १० लाख डॉलरची लोकर विकणाऱ्याचा उपकर ४५,००० डॉलर, म्हणून त्याची ४५० मते. जो जास्त देतो त्याचा शब्द जास्त चालावा, या तत्त्वात अन्याय आहे असे मी म्हणणार नाही. परंतु केवळ हाच हिशेब चालत असेल तर बहुसंख्य लहान मेंढीपालक एका बाजूला आणि थोडे मोठे मालक दुसऱ्या बाजूला असा निकाल लागू शकतो, आणि तो वैधही ठरतो.

ही उणीव न्यूझीलंडने नेमकी ओळखली आहे. तेथील १९९० च्या वस्तू-उपकर कायद्याखाली एखाद्या उद्योगाच्या संघटनेला उपकर हवा असेल, तर आधी संभाव्य उपकरदात्यांमध्ये सार्वमत घ्यावे लागते. त्यात दोन बहुमते एकाच वेळी लागतात. मतदान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक शेतकरी उपकराच्या बाजूने असावे लागतात, आणि बाजूने मत देणाऱ्यांचे उत्पादनही मतदान करणाऱ्या सर्वांच्या एकूण उत्पादनाच्या निम्म्याहून अधिक असावे लागते. समजा शंभर जणांनी मत दिले आणि ६० लहान शेतकऱ्यांनी ‘होय’ म्हटले, पण त्या साठांचे उत्पादन एकूण उत्पादनाच्या ४० टक्केच भरले, तर ठराव पडतो. उलट ४५ मोठ्या शेतकऱ्यांकडे ७० टक्के उत्पादन असले आणि ते सगळे अनुकूल असले, तरीही ठराव पडतो. लहानांनी मोठ्यांच्या पैशावर निर्णय लादू नये आणि मोठ्यांनी लहानांना गृहीत धरू नये, या दोन्ही गोष्टी एका नियमात साधल्या आहेत. उपकराच्या मतदानात मला दिसलेला हा सर्वांत विचारपूर्वक केलेला नियम आहे, आणि इतर देशांनी तो का उचलला नाही याचे पटण्याजोगे कारण मला सापडत नाही.

न्यूझीलंडचा उपकर आदेश जास्तीत जास्त सहा वर्षे टिकतो. मुदत संपली की तो आपोआप गळून पडतो. तो चालू ठेवायचा असेल तर संघटनेलाच पुन्हा शेतकऱ्यांपुढे जावे लागते. भार कोणावर आहे, हे येथे महत्त्वाचे आहे. नाराज शेतकऱ्याला सह्या गोळा कराव्या लागत नाहीत, वकील लावावा लागत नाही, नियम धुंडाळावे लागत नाहीत. ज्याला पैसे हवे आहेत त्याने येऊन मागायचे, आणि आपण सहा वर्षांत काय केले हे सांगायचे. आदेशात दराची कमाल मर्यादा घातलेली असते आणि त्या मर्यादेच्या आत प्रत्यक्ष दर ठरवण्याचा विषय उपकरदात्यांपुढे येतो. उपकराचा पैसा व्यापारी किंवा व्यावसायिक उलाढालीत घालण्यास कायद्याने मनाई आहे. ज्यांना धर्मामुळे किंवा सदसद्विवेकबुद्धीमुळे अशा संघटनेला पैसे देणे मान्य नाही, त्यांनी तेवढीच रक्कम सरकारी अधिकाऱ्याकडे भरावी अशी तरतूदही आहे. पुढे ती रक्कम संघटनेकडेच जाते, म्हणून व्यवहारात तिने फार फरक पडत नाही, पण कायदा करणाऱ्यांनी इतक्या बारकाव्याचा विचार केला ही गोष्ट मला आदराची वाटते.

तेथील दूध उत्पादकांचे उदाहरण घेऊ. ‘डेअरी एनझेड’ ही संस्था दुधातील घन पदार्थांच्या, म्हणजे स्निग्धांश आणि प्रथिने यांच्या वजनावर उपकर घेते. २०२० च्या मतदानाच्या वेळी हा दर किलोमागे ३.६ सेंट होता आणि तो दशकाहून अधिक काळ बदललेला नव्हता. वर्षाला १,५०,००० किलो घन पदार्थांचे दूध घालणाऱ्या गोठ्याला या दराने ५,४०० डॉलर भरावे लागतात. दूध घेणारी कंपनी पैसे देतानाच ते कापते, त्यामुळे उपकरदात्यांची नावे कंपन्यांकडून मिळतात आणि मतदारयादी बऱ्यापैकी पक्की होते. गायी स्वतःच्या आणि जमीन दुसऱ्याची अशा वाट्याने गोठा चालवणाऱ्यांच्या पैशांतूनही उपकर जातो, म्हणून त्यांनाही मत असते. केवळ जमीनमालकाला मताचा हक्क देऊन प्रश्न मिटवलेला नाही. २०२० मध्ये शेतकऱ्यांच्या संख्येने मोजले तरी आणि दुधाच्या वजनाने मोजले तरी दोन तृतीयांशाहून अधिक पाठिंबा मिळाला. दोन्ही मोजण्या जवळजवळ सारख्या आल्या, यावरून लहान आणि मोठे शेतकरी या प्रश्नावर फारसे विभागलेले नव्हते, हेही कळले. एकच मोजणी असती तर ही माहिती मिळाली नसती.

या कायद्याची खरी परीक्षा मात्र लोकरीच्या बाबतीत झाली. २००९ साली ‘मीट अँड वूल न्यूझीलंड’ या संस्थेने गोमांस, मेंढीचे मांस आणि लोकर यांच्या उपकरांवर वेगवेगळी मते मागितली. बहुतेक ठिकाणी शेतकरी तोच होता. एकाच कळपातून त्याला मांसही मिळत होते आणि लोकरही. त्याने गोमांस आणि मेंढीच्या मांसाच्या उपकराला होकार दिला आणि लोकरीच्या उपकराला नकार दिला. संस्थेला लोकरीचे काम सोडावे लागले आणि पुढे तिचे नावही ‘बीफ अँड लॅम्ब न्यूझीलंड’ असे झाले. २०१४ साली लोकरीचा उपकर नव्याने सुरू करण्यासाठी पुन्हा सार्वमत घेण्यात आले आणि उत्पादकांनी तो दुसऱ्यांदा नाकारला.

या नकाराची किंमत उद्योगाने मोजली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जाड लोकरीचे भाव दीर्घकाळ पडत असताना तिच्या नव्या उपयोगांवर सर्वांच्या पैशाने काम करणारा निधी उरला नाही. शेतकऱ्यांचा निर्णय योग्य होता की नाही यावर तेथे अजूनही दोन मते आहेत. मला या प्रसंगात महत्त्वाचे वाटते ते असे, की प्रश्न वस्तूगणिक वेगळा विचारल्यामुळे एका वस्तूवरचा राग दुसरीवर गेला नाही. ज्या कामाचा लाभ दिसत होता ते टिकले आणि ज्याचा दिसत नव्हता ते थांबले. न्यूझीलंडच्या मतपत्रिकेत उणीव आहे ती दराच्या पर्यायांची. तिच्यावर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच असते, आणि लोकर उत्पादकांना अर्धा उपकर चालला असता का, हे २००९ मध्ये कोणी विचारलेच नाही. ऑस्ट्रेलियातील मेंढीपालकाला ती वाट मोकळी होती आणि २०१८ मध्ये त्याने ती वापरली. न्यूझीलंडमधील मेंढीपालकाला सगळे घ्या किंवा सगळे सोडा एवढेच सांगितले गेले.

मोजणी फक्त मत देणाऱ्यांची होते, यावरही आक्षेप घेतला जातो. निम्मेच शेतकरी मत देत असतील, तर एकूण शेतकऱ्यांच्या चौथ्या हिश्शाने निर्णय होऊ शकतो. मला हा आक्षेप पुरता पटत नाही. किमान मतदानाची अट घातली की विरोधकांना मत देण्यापेक्षा घरी बसणे सोयीचे ठरते, आणि मग विरोध किती होता हे कधीच कळत नाही. अट घालण्यापेक्षा मतपत्रिका वेळेवर पोहोचवणे आणि मतदानाचा काळ शेतीच्या धांदलीत न ठेवणे अधिक उपयोगाचे आहे.

ब्रिटनमध्ये ‘कृषी आणि फलोद्यान विकास मंडळ’ २००८ पासून अनेक उत्पादनांवर उपकर घेते. तेथे मतदान ठरावीक काळाने होत नाही. एखाद्या विभागातील ५ टक्के उपकरदात्यांनी मागणी केली तर ते घ्यावे लागते. बटाटा आणि फलोद्यान या दोन विभागांत काही उत्पादकांनी खटपट करून ही मागणी पूर्ण केली आणि २०२१ च्या सुरुवातीला दोन्ही मतदाने झाली. फलोद्यानात ६९ टक्के मतदान झाले आणि मत देणाऱ्यांपैकी ६१ टक्के उपकराच्या विरोधात गेले. बटाट्यात ६४ टक्के मतदान झाले आणि ६६ टक्के विरोधात गेले. इतके मोठे मतदान ही उदासीनतेची खूण नाही. साचलेल्या नाराजीला पहिल्यांदाच दार मिळाले होते. नियमित मतदान नसले की असेच होते. शेतकऱ्याला मधल्या काळात संस्थेला सावध करण्याचा मार्ग नसतो, आणि जेव्हा तो मिळतो तेव्हा हाती एकच हत्यार असते, तेही संस्था बंद करण्याचे.

बटाटा उत्पादकाला हेक्टरी ४२.६२ पौंड भरावे लागत होते. पन्नास हेक्टरवर बटाटा लावणाऱ्याचे वर्षाचे २,१३१ पौंड होतात. ही रक्कम पिकाचा भाव चांगला असो वा नसो, क्षेत्रावर द्यावी लागे. लोकर किंवा दूध यांच्यावरचा उपकर उत्पादनाबरोबर कमीजास्त होतो, हा बटाट्याच्या हंगामात पडत्या भावाने विकून आलेल्या शेतकऱ्याला जाणवणारा फरक होता, आणि मतदानाचा निकाल समजून घेताना तो विसरता येत नाही.

फलोद्यानाच्या मतदानातला दोष याहून मोठा होता. सफरचंद, स्ट्रॉबेरी, भाजीपाला, काचगृहातील पिके, अळिंबी, फुलांचे कंद आणि शोभेची झाडे या सगळ्यांचे उत्पादक एकाच मतपत्रिकेवर एकाच प्रश्नाचे उत्तर देत होते. यांचे रोग वेगळे, बाजार वेगळे, संशोधनाच्या गरजाही वेगळ्या. एखाद्या पिकाच्या उत्पादकांना उपकर हवा असला तरी इतरांच्या मतांनी तो गेला, आणि कोणत्या पिकाला काय हवे होते याला त्या एका उत्तरात जागाच नव्हती. वस्तूगणिक वेगळा प्रश्न विचारण्याचा न्यूझीलंडचा २००९ चा पाठ समोर होता. तो कोणी घेतला नाही. दराचे पर्यायही नव्हते. खर्च निम्म्यावर आणा आणि उरलेले काम चालू ठेवा, असे म्हणण्याची सोय एकाही उत्पादकाला नव्हती.

निकाल मंत्र्यांवर बंधनकारक नव्हता, तरी त्यांनी तो मानला, आणि २०२२ मध्ये कायद्यात बदल करून दोन्ही उपकर संपवण्यात आले. लिंकनशायरमधील सटन ब्रिज येथील बटाटा साठवणुकीचे संशोधन केंद्र बंद झाले. कमी क्षेत्रावर घेतल्या जाणाऱ्या पिकांसाठी कीडनाशकांच्या वापराची खास परवानगी मिळवणे हे मंडळाचे एक मोलाचे काम होते. औषध कंपन्यांना इतक्या लहान बाजारासाठी तो खर्च परवडत नाही. उपकर गेल्यावर या कामासाठी उत्पादकांना एकत्र येऊन स्वखुशीच्या वर्गणीतून नवी व्यवस्था उभी करावी लागली. मला वाटते, हे काम स्वतंत्र प्रश्न म्हणून मतपत्रिकेवर असते तर बहुतेकांनी त्याला होकार दिला असता.

पुढे २०२२ मध्ये मंडळाने धान्य व तेलबिया, दूध, गोमांस व मेंढीचे मांस, आणि वराहपालन या उरलेल्या विभागांतील शेतकऱ्यांना खर्चाच्या प्राधान्यक्रमावर मत देण्यास बोलावले. ही सुधारणा योग्य दिशेची आहे. पण मत देण्यासाठी शेतकऱ्याला आधी स्वतःहून नाव नोंदवावे लागले, कारण मांसावरचा उपकर कत्तलखान्यातून आणि धान्यावरचा व्यापाऱ्याकडून वसूल होतो आणि मंडळाकडे पैसे देणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याचे नाव नसते. पैसे घेताना ज्याचे नाव विचारले जात नाही, त्याला मत देताना मात्र नोंदणी करायला लावणे, हा उरफाटा प्रकार आहे. उपकर कापणाऱ्यानेच शेतकऱ्याचे नाव कळवावे, एवढी अट घातली तरी यादीचा प्रश्न बराच सुटेल.

अमेरिकेबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तेथील मोठ्या कार्यक्रमांत मतदानच फारसे होत नाही. गोमांसासाठी जनावरामागे १ डॉलर घेण्याची पद्धत १९८५ च्या कायद्याने आली, १९८६ मध्ये वसुली सुरू झाली आणि १९८८ च्या सार्वमतात ७९ टक्क्यांनी तिला मान्यता दिली. त्यानंतर देशपातळीवर पुन्हा सार्वमत झालेले नाही. त्या वेळी मत दिलेल्यांपैकी अनेकांचे गोठे आता त्यांची मुले आणि नातवंडे चालवतात. त्यांना कधी विचारलेच गेलेले नाही. सोयाबीनच्या बाबतीत दर पाच वर्षांनी विचारणा होते, पण ती उपकर हवा का अशी नसून सार्वमत हवे का अशी असते. ज्याला ते हवे असेल त्याने ठरावीक मुदतीत सरकारी कार्यालयातून अर्ज मिळवून भरायचा. १० टक्के उत्पादकांनी मागणी केली तरच सार्वमत होणार, आणि त्यातही एका राज्याचा वाटा एक पंचमांशापेक्षा जास्त धरला जाणार नाही. हा उंबरा आजवर ओलांडला गेलेला नाही. गप्प बसणाऱ्या प्रत्येकाला संमती देणारा मानणारी ही रचना आहे.

वराहपालकांच्या बाबतीत घडले ते तर याहून खेदाचे आहे. २००० साली झालेल्या सार्वमतात १५,९५१ जणांनी उपकर संपवण्याच्या बाजूने आणि १४,३९६ जणांनी तो ठेवण्याच्या बाजूने मत दिले. जानेवारी २००१ मध्ये कृषिमंत्री डॅन ग्लिकमन यांनी उपकर संपवण्याचे जाहीर केले. लगेच सरकार बदलले, प्रकरण न्यायालयात होते, आणि नव्या कृषिमंत्री ॲन व्हेनेमन यांच्या काळात उद्योग संघटनेशी तडजोड होऊन उपकर चालूच राहिला. मतदानाची मागणी करणाऱ्या सह्या पुरेशा होत्या का, हा वादाचा मुद्दा होता, आणि त्यात तथ्य असेलही. पण मग त्याची छाननी मतपत्रिका वाटण्याआधी व्हायला हवी होती. तीस हजारांवर शेतकऱ्यांनी मत दिल्यावर ते बाजूला ठेवणे म्हणजे पुढच्या वेळी त्यांना मतदानाला येऊ नका असे सांगण्यासारखे आहे.

चारही देशांत मला खटकलेली एक गोष्ट समान आहे. उपकर ज्या संस्थेला मिळतो, तीच संस्था मतदाराला पुरवल्या जाणाऱ्या माहितीची मुख्य लेखक असते. मोजणी बहुधा बाहेरच्या निवडणूक कंपनीकडे दिलेली असते, ऑस्ट्रेलियात माहितीपुस्तिकेवर देखरेख ठेवायला स्वतंत्र समितीही असते, आणि या गोष्टींचे श्रेय दिले पाहिजे. पण संस्थेच्या बाजूने सभा, माहितीपत्रके आणि कर्मचारी असतात, ते सगळे उपकराच्याच पैशातून. विरोध करणाऱ्याकडे स्वतःचा वेळ आणि दूरध्वनी असतो. विरोधी बाजूचे म्हणणे माहितीपुस्तिकेतच ठरावीक पानांत, त्यांच्याच शब्दांत छापले जावे, एवढे केले तरी हा असमतोल बराच कमी होईल आणि त्याला फारसा खर्चही येणार नाही.

ज्या शेतकऱ्याच्या हाती अशी मतपत्रिका येते, त्याला माझी शिफारस अशी, की शिफारस केलेल्या दराकडे पाहण्याआधी त्याने दोन गोष्टी तपासाव्यात. आपण भरलेल्या उपकराचा आकडा यादीतल्या नोंदीशी जुळतो का, हे पहिले. उत्पादनाच्या किंवा उपकराच्या प्रमाणात मते मोजली जातात तेथे चुकलेला आकडा म्हणजे गमावलेली मते असतात. मागच्या मतदानाच्या वेळी याच संस्थेने जी कामे करण्याचे लिहून दिले होते, त्यांतली किती झाली, हे दुसरे. जुनी पुस्तिका सोबत घेऊन बसले की तासाभरात ते कळते. आणि वूलपोल चालवणाऱ्यांकडे माझी मागणी आहे, की निकाल जाहीर करताना भारित मतांबरोबर प्रत्येक पर्यायाला किती उत्पादकांनी पहिली पसंती दिली हा साधा आकडाही दर वेळी निकालपत्रकाच्या पहिल्याच पानावर द्यावा. कायदा बदलायची त्यासाठी गरज नाही; मोजणी संगणकावर होते आणि दोन्ही आकडे त्याच्याकडे असतातच.